पुराव्याचा भार

लवादाचा निवाडा हाही एक गद्यप्रबंधच होय. त्यांत कथानक असतें, पात्रें असतात, युक्तिवाद असतो आणि शेवटही असतो. मग वाङ्मयाच्या टीकाकारानें त्याकडे पाठ कां फिरवावी? याच न्यायानें आम्ही येथें पहिलवान नरसिंग यादव यांच्यावरील निवाड्याचें परीक्षण करीत आहों.

2011 ते 2013 अशीं सलग तीन वर्षें महाराष्ट्र केसरी ठरलेल्या या मल्लानें 2015 सालीं लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें व रिओ ऑलिंपिकमध्यें देशासाठीं जागा मिळविली. 2016 च्या जूनमध्यें घेतलेल्या त्यांच्या नमुन्यांत मेथँडिएनोन हें निषिद्ध द्रव्य सांपडलें. आपल्या पेयांत तें कोणीतरी कालविलें, असें त्यांचें म्हणणें होतें. 1 ऑगस्ट रोजीं देशांतील शिस्तपालन मंडळानें तें मान्य करून त्यांस दोषमुक्त केलें. जागतिक संस्थेनें अपील केलें, आणि 18 ऑगस्ट रोजीं, कुस्तीच्या आदल्या दिवशीं, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानें चार वर्षांची बंदी घातली. एकाच कथेचे अडीच आठवड्यांत दोन शेवट झाले!

दुसरा शेवट चुकीचा होता, असें आम्ही म्हणत नाहीं. घातपाताचा खरा पुरावा पुढें आला नाहीं, आणि द्रव्य गोळीच्या रूपानें एकाहून अधिक वेळां घेतलें असावें, असा लवादाचा निष्कर्ष होता. शरीरांत द्रव्य सांपडतांच दोष मानावा, या नियमावांचून प्रामाणिक मल्लाचेंही रक्षण होणार नाहीं. आमचा आक्षेप पुढील पायरीस आहे. अशा द्रव्याच्या बाबतींत आपला हेतु नव्हता, हें खेळाडूनेंच सिद्ध करावयाचें. आणि तें द्रव्य आलें कोठून, हें दाखवितां आल्यावांचून तसें सिद्ध करणें बहुधा दुरापास्त. चौकशीचीं साधनें संस्थेपाशीं, आणि पुराव्याचा भार मात्र मल्लावर!

2021 पासून अमलांत असलेल्या जागतिक संहितेबरोबर खेळाडूंच्या हक्कांची एक सनद निघाली. ती वाचतांना तिची मांडणीच बोलकी वाटते. न्याय्य सुनावणीचा हक्क संहितेवर आधारलेल्या पहिल्या भागांत आहे; वकिली साह्याचा हक्क मात्र दुसऱ्या भागांत, केवळ शिफारस म्हणून. भार सक्तीचा आणि आधार ऐच्छिक, असाच याचा अर्थ नव्हे काय?

आमच्या बीड जिल्ह्यांतील पाटोद्यानें राहुल आवारे यांच्यासारखा, 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकणारा मल्ल दिला. त्यांचा आदर्श डोळ्यांपुढें ठेवून तालमींत जोर-बैठका काढणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलावर उद्यां असा आळ आला, तर तज्ज्ञांची व वकिलांची फी त्यानें कोठून आणावी? तो दोषी असेल तर शिक्षा व्हावीच. पण निर्दोष असेल, तर ऐन उमेदीचीं चार वर्षें त्यास कोण परत देणार?

2022 च्या राष्ट्रीय कायद्यानें आपल्या देशांत या व्यवस्थेस विधिमंडळाचा आधार मिळाला आहे. तेव्हां जगाची वाट न पाहतां वकिली साह्य हा आपल्या खेळाडूंचा हक्क ठरवावा, एवढीच आमची सूचना आहे. वस्तादही नवख्या मुलास आधीं डाव शिकवितो, आणि मगच फडांत उतरवितो.