खो-खोमधील वेळमोजणी आणि न्याय : लघुत्तम आक्रमणाच्या नियमाची चिकित्सा

प्रस्तावना

खो-खो हा पाठलागाचा खेळ मानला जातो. वस्तुतः तो वेळेचाही खेळ आहे. पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये तो नियमबद्ध करण्यास प्रारंभ केला. मुंबईत दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर व अमर हिंद मंडळ, परळचे विद्यार्थी क्रीडा केंद्र आदी संस्थांनी तो जोपासला. वेळाधिकाऱ्याचे स्टॉपवॉच उशिरा सुरू झाले, मध्येच बंद पडले अथवा चुकून शून्यावर आले, तर न्याय्य निर्णय कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोषाचे दोन प्रकार

नेहमीच्या नऊ मिनिटांच्या पाळीत निकाल गुणांवर ठरतो. घड्याळ केवळ पाळीची मर्यादा सांगते. म्हणून घड्याळ बिघडले तरी बाद झालेला गडी बादच राहिला पाहिजे. प्रश्न उरतो तो शिल्लक वेळेचा आणि तो दुसऱ्या घड्याळावरून सुटू शकतो. संपूर्ण पाळी पुन्हा खेळविणे म्हणजे यंत्राच्या दोषाची शिक्षा खेळाडूंना देणे होय.

लघुत्तम आक्रमणात मात्र स्थिती पालटते. जादा डावानंतरही बरोबरी राहिल्यास पहिला गडी कमी वेळात बाद करणारा संघ विजयी ठरतो. येथे वेळ हीच निकाल असते. पंचाची शिट्टी ऐकून वेळाधिकाऱ्याचे बोट घड्याळावर पडेपर्यंत सेकंदाचा काही अंश निघून जातो. दोन संघांतील अंतर तेवढेच असेल, तर जिंकला कोण, संघ की बोट, असा प्रश्न निर्माण होतो.

अन्य खेळांचा अनुभव

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर मुक्तशैली जलतरणात अमेरिकेच्या लान्स लार्सनची वेळ तीन घड्याळांनी ५५.०, ५५.१ व ५५.१ सेकंद दाखविली. ऑस्ट्रेलियाच्या जॉन डेव्हिटची तिन्ही घड्याळांत ५५.२ होती. तरीही सुवर्णपदक डेव्हिटला मिळाले. २०१२ मध्ये लंडन येथे तलवारबाजीच्या उपांत्य लढतीत शेवटचा एक सेकंद संपता संपेना. त्यातच दक्षिण कोरियाची शिन आ-लाम पराभूत ठरली व तिच्या संघाची तक्रार फेटाळली गेली. या घटनांत यंत्राइतकाच दोष कार्यपद्धतीचाही होता. याउलट ॲथलेटिक्समध्ये हातमोजणीचा नियम स्पष्ट आहे : तीन घड्याळांच्या तीन वेगळ्या नोंदी असल्यास मधली ग्राह्य, दोन सारख्या असल्यास ती, आणि दोनच घड्याळे असल्यास अधिक वेळ दाखविणारी.

न्याय्य नियमांची दिशा

या अनुभवावरून स्थानिक स्पर्धांसाठी पुढील सूत्रे मांडता येतात. एक, लघुत्तम आक्रमणासाठी तीन स्वतंत्र घड्याळे असावीत व मधली नोंद मानावी. दोन, दोन्ही संघांची वेळ त्याच व्यक्तींनी त्याच घड्याळांवर घ्यावी. म्हणजे बोटाचा विलंब उभयतांना बहुतांशी सारखाच लागू होईल. तीन, संघांमधील फरक घड्याळांच्या आपसांतील तफावतीहून कमी असल्यास बरोबरी मानून लघुत्तम आक्रमण पुन्हा घ्यावे. चार, तिन्ही नोंदी नष्ट झाल्यास दोन्ही संघांना विश्रांती देऊन दोघांचेही आक्रमण नव्याने घ्यावे. केवळ एकाचेच घेतल्यास त्याच्या संरक्षकांना दुप्पट धावावे लागते, किंवा आक्रमकांना प्रतिस्पर्ध्याची वेळ आधीच ज्ञात होते.

शेवटच्या सूत्रावर आक्षेप संभवतो. ज्या संघाने उत्तम वेळ नोंदविली होती, त्याचे यश पुसले जाते. हा आक्षेप रास्त आहे; परंतु नोंदच नसलेले यश सिद्ध कसे करावयाचे? म्हणूनच पहिल्या सूत्राचे महत्त्व अधिक. पुनर्खेळ हा शेवटचा उपाय असावा.

निष्कर्ष

सदोष घड्याळापेक्षा दोषानंतर सुचलेला नियम अधिक अन्यायकारक असतो. कारण तेव्हा त्याचा लाभ कोणाला होणार हे सर्वांना दिसत असते. सरपंचाची सचोटी निःसंशय असली तरी अशा वेळी तिच्यावर संशयाची छाया पडते. नाणेफेकीपूर्वी दोन्ही कर्णधारांना हे नियम वाचून दाखविल्यास पराभूत संघालाही निकाल मान्य करणे सुकर होईल. त्यासाठी लागणारा खर्च दोन जादा स्टॉपवॉचचा आहे.