वॉरंटी कार्ड : एक रसग्रहण

मी समीक्षक नाही. मी बी.कॉम. आहे, तोही सेकंड क्लास. वाङ्मयाशी माझा संबंध आजवर दोनदाच आला. एकदा बारावीला मराठीत पंचेचाळीस मार्क पडले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा शाखेच्या वर्धापनदिनी मॅनेजरसाहेबांना भाषण लिहून दिलं तेव्हा. त्यातलं दुसरं साहेबांनी वाचलंच नाही. तरीही आज एका ग्रंथाची समीक्षा लिहायला बसलो आहे, आणि त्यासाठी माझ्याकडे एक अशी पात्रता आहे जी भल्याभल्या समीक्षकांकडे नसते. मी तो ग्रंथ वाचला आहे. अकरा वेळा.

ग्रंथ म्हणजे आमच्या इलेक्ट्रिक बाईकबरोबर आलेली चोवीस पानी वॉरंटी पुस्तिका. बाईक म्हणजे तशी स्कूटरच. पण दुकानदार 'ई-बाईक' म्हणाला आणि आम्हीही म्हणायला लागलो. वस्तूला काय म्हणायचं हे विकणाराच ठरवतो. हे आम्हां बँकवाल्यांना सांगायला नको, आम्ही कर्जाला 'योजना' म्हणतो.

गाडी घेतली 2024 च्या दसऱ्याला. घेतली सौ.ने. मी फक्त सही केली आणि पेढे वाटले. ती दुपारचे डबे देते. आमचं घर साताऱ्यात सदर बझारात, म्हणजे खाली. आणि तिची गिऱ्हाइकं राजवाडा, समर्थ मंदिर अशी वर. ज्यांनी सातारा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो : अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतरणीवर हे गाव वसलेलं आहे. त्यामुळे इथे घरातून बाहेर पडणारा माणूस एक तर चढत तरी असतो, नाही तर उतरत तरी. सपाटीवर असतो तो फक्त झोपलेला. चौदा डबे घेऊन रोज रिक्षा परवडत नव्हती. तिने दोन वर्षांच्या कमाईतले चाळीस हजार घातले, उरलेलं कर्ज मी माझ्या बँकेतून काढलं. तो हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला माझ्या खात्यातून बिनचूक जातो. त्या व्यवहारात आजवर एकदाही 'दोष आढळला' नाही.

ग्रंथाकडे वळण्यापूर्वी त्याच्या प्रस्तावनेचा, म्हणजे कॅटलॉगचा, विचार केला पाहिजे. कॅटलॉग हा भावगीताचा प्रकार आहे. त्यात एक मुलगी केस मोकळे सोडून गाडीवरून चालली आहे. पाठीमागे समुद्र आहे. रस्ता कॅरम बोर्डासारखा सपाट. डबा एकही नाही. वर ठळक अक्षरात लिहिलंय : 'एका चार्जिंगमध्ये 110 किमी!' आणि त्या उद्गारचिन्हाच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी आहे. तिचा माग काढत पानाच्या तळाशी गेलं की मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कळतं, की हे 110 प्रयोगशाळेतले आहेत. तिथे गाडी रुळांवर उभी करतात आणि ठरलेल्या वेगाने चाक फिरवतात. चढ, वारा, चौदा डबे आणि वाटेत आडवी येणारी म्हैस या गोष्टी प्रयोगशाळेत नसतात. म्हणून 110 चे आमच्याकडे 70 झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. भावगीतातला चंद्र आपण तरी कुठे मोजून घेतो?

आणि खरं सांगायचं तर गाडी आठ महिने झकास चालली. आवाज नाही, धूर नाही, तीनेक युनिटांत टाकी फुल्ल. टाकी कसली म्हणा. सौ. इतकी खूश होती, की मला तिने दोनदा मागे बसवून महादऱ्याकडे फिरवून आणलं.

मग जुलै आला. समर्थ मंदिराच्या चढावर, भर पावसात, काट्यावर 38 टक्के चार्ज दिसत असताना गाडी बंद पडली. 38 चे एकदम शून्य. मी कॉमर्सचा माणूस. असा ताळेबंद मी फक्त पतसंस्थांचा पाहिला होता. सौ.ने शंभर किलोची गाडी आणि चौदा डबे ढकलत कडेला नेले आणि मला काउंटरवर फोन केला. मी म्हटलं, "थोडं डावीकडे वाकवून बघ." आमच्या वडिलांच्या स्कूटरवर हा उपाय चालायचा. ती बिचारी वाकवूनही पाहून मोकळी झाली. पाच-सात मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली. काट्यावर 31 टक्के. जणू काही घडलंच नाही! डबे पोचले पावणेदोनला. परीक्षा असलेल्या दोन मुलांनी महिनाअखेरीस डबा बंद केला.

इथून पुढे या वाङ्मयाचा दुसरा कालखंड सुरू होतो. तो म्हणजे जॉब कार्डांचा.

जॉब कार्ड ही लघुकथा आहे. एमआयडीसीतल्या सेवा केंद्रात आम्ही गाडी तीन वेळा नेली आणि तिन्ही कथांचा शेवट एकच : 'वाहनाची तपासणी करण्यात आली. दोष आढळला नाही.' तपासणी कशी करण्यात आली, हे मी काचेच्या पलीकडून स्वतः पाहिलं. गाडी स्टँडवर लावली, मागचं चाक हवेत फिरवलं, लॅपटॉपची वायर जोडली. अहो, हवेत कोण दमतं? मला स्टँडवर लावून पाय फिरवायला सांगा, मीही अजिंक्यतारा चढून दाखवतो. तिथला मुलगा मात्र गुणी होता. आयटीआय झालेला, विशी-बाविशीचा. हळूच म्हणाला, "काका, मला पण वाटतंय बॅटरीच असेल. पण स्क्रीनवर एरर दिसल्याशिवाय मला पार्ट मागवता येत नाही." त्याचा राग आला नाही. आमच्या बँकेत मी तोच मुलगा आहे, फक्त केस गेलेला.

गाडी तिथेच उभी असताना त्याच संध्याकाळी फोनवर मेसेज आला : 'आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आली आहे. कृपया आपल्या आनंददायी अनुभवाला 5 पैकी तारे द्या.' आपण आजारी असताना शेजाऱ्यांनी तेराव्याचं आमंत्रण पाठवावं, तसं वाटलं.

आता मूळ ग्रंथ. तिसऱ्या जॉब कार्डानंतर मी तो हातात घेतला आणि झपाटून वाचत गेलो. 'वॉरंटीत काय समाविष्ट आहे' हे प्रकरण पाच ओळींचं आहे. 'काय समाविष्ट नाही' हे नऊ पानांचं. लेखकाची खरी प्रतिभा नकारात फुलते. काही वाक्यांचं मराठी तर असं आहे, की ते वाचून समर्थांनी पुन्हा बारा वर्षं तपाला बसावं. 'वाहन ओले झाल्यास ते कोरडे असतानाच चालवावे.' 'बॅटरीची नैसर्गिक घसरण ही बॅटरीचा स्वभाव समजण्यात यावी.' पण हसून सोडून देऊ नका. या गद्याचा एक विशेष माझ्या सातव्या वाचनात ध्यानात आला. चोवीस पानांत कुठेही कर्ता नाही. तपासणी करण्यात येईल. निर्णय घेण्यात येईल. विनंती नाकारण्यात येऊ शकेल. शाळेत आम्हाला कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग शिकवले होते. हा चौथा. यात क्रिया होते, कर्म भोगतं आणि करणारा जेवायला गेलेला असतो.

वडिलांच्या स्कूटरसाठी म्हणे त्यांनी कित्येक वर्षं नंबर लावून वाट पाहिली होती. तिला जगातले सगळे रोग होते. पण तिला वाङ्मय नव्हतं. काही झालं की वडील गल्लीतल्या मेकॅनिककडे जायचे. तो प्लग काढून, पुसून, वडिलांच्या तोंडावर सांगायचा, "मास्तर, चूक माझी. मागच्या वेळी मी ढिला बसवला." असं वाक्य माझ्या चोवीस पानांत मला सापडलेलं नाही.

रोग काय होता ते शेवटी पोवई नाक्याजवळच्या, इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी चहा पिता पिता सांगितलं. सील तोडलं तर वॉरंटी जाईल म्हणून त्यांनी गाडीला बोटही लावलं नाही. म्हणाले, "साहेब, ही सेलची साखळी असते. एकामागे एक जोडलेले. त्यातली एक कडी अशक्त झालीय. सपाटीवर चालतं. चढावर मोटर जास्त करंट ओढते, की त्या कडीचा व्होल्टेज बदकन खाली येतो. मग आतला बीएमएस बोर्ड बॅटरी जळू नये म्हणून सगळंच बंद करतो. पाच मिनिटं विश्रांती मिळाली, की कडी पुन्हा वर. आणि ते टक्के म्हणजे नुसता अंदाज हो, एकूण गोळाबेरजेचा." एका अशक्त माणसामुळे अख्खी शाखा बंद पडते, हे मला लगेच पटलं.

आता मला कंपनीला पत्र लिहायचं होतं. बसलो. पहिलं वाक्य लिहिलं : 'आमच्या वाहनात वारंवार बिघाड होत असल्याचे निदर्शनास आले आहे.' सौ.ने खांद्यावरून वाचलं. म्हणाली, "कुणाच्या निदर्शनास? ढकलली मी!"

मी गप्प बसलो. त्याला कारण होतं. त्याच आठवड्यातली, डिसेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. काउंटरवर एक आजोबा आले होते. प्राथमिक शाळेतले निवृत्त शिक्षक. त्यांची पेन्शन जमा झाली नव्हती. मी स्क्रीन पाहून नेहमीच्या सुरात सांगितलं, "आजोबा, तुमच्या हयातीच्या दाखल्याची नोंद झालेली नाही." ते म्हणाले, "मी 4 नोव्हेंबरला इथेच दिला होता. नोंद झालेली नाही, म्हणजे कुणी केलेली नाही?" मी म्हटलं, "सिस्टिममध्ये आलेली नाही." ते शांतपणे म्हणाले, "सिस्टिमला हात नसतात हो. कोणी केली नाही?" मी "उद्या या" म्हणून त्यांना वाटेला लावलं. जिना उतरताना ते कठडा धरून एकेक पायरी थांबत होते. दुपारी स्टेपलरच्या पिना शोधायला ड्रॉवर उघडला, तर त्यांचा दाखला वरच पडलेला. कर्ता सापडला होता. त्याच्या खुर्चीवर मीच बसलो होतो.

बँकेविरुद्ध तक्रार आली आणि तीस दिवसांत उत्तर गेलं नाही, तर गिऱ्हाईक रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ शकतं. म्हणून ती उत्तरं आमच्याकडे एकोणतिसाव्या दिवशी निघतात, आणि शाखेत ती वीस वर्षं मीच लिहितोय. 'आपल्या पत्रातील मजकुराची नोंद घेण्यात आली आहे.' वॉरंटी पुस्तिकेचा लेखक कोण हे मला ठाऊक नाही. पण घराणं आमचं एकच. त्या संध्याकाळी आजोबांची नोंद केली आणि त्यांना फोन केला. "मी विसरलो होतो," एवढं वाक्य बोलायला मला तीनदा घसा खाकरावा लागला. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मला वाटलं, मी तारीख चुकलो की काय."

तेव्हा कंपनीचं पत्र सौ.ने सांगितलं आणि मी लिहिलं. सात वाक्यांचं. 'मी अमुक तारखेला चौदा डबे घेऊन समर्थ मंदिराचा चढ चढत होते. काट्यावर 38 होते. गाडी बंद पडली. मी ती ढकलली. तुम्ही ती तीन वेळा स्टँडवर तपासली. तुम्ही ती चढावर चालवून बघा. नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.' शेवटच्या वाक्यासाठी मी थोडा अभ्यास केला होता. ग्राहक संरक्षण कायदा आपल्याकडे 1986 सालचा. त्याच्या जागी 2019 चा नवा कायदा आला, तो 20 जुलै 2020 पासून लागू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी नाही, वकील लागतोच असं नाही, तक्रार दोन वर्षांत करावी लागते. शिवाय 1915 हा हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथेही तिने नोंदवलं. 1974 साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत काढली त्याला आता पन्नासवर वर्षं झाली, आणि मी कॉमर्सचा पदवीधर असून हे सगळं पंचेचाळिसाव्या वर्षी बायकोच्या डब्यांमुळे वाचलं. पत्रासोबत तिने एक व्हिडिओही जोडला. पुतण्याला मागे बसवून चढावर काट्याचं चित्रण केलं होतं. 41, 40, 39, शून्य. आणि मागून पुतण्याचा आवाज : "काकू, आता उतरू का?"

जानेवारीत पुण्याहून एक साहेब आले. बूट चकचकीत. सौ.ने डब्यांच्या पिशव्या त्यांच्या पायाशी लावल्या, मागे मला बसवलं. गाडी बरोब्बर त्याच वळणावर थांबली. साहेबांनी ती ढकलली. मी उतरलो, पण मदत केली नाही. तपासणीत हस्तक्षेप नको.

नवी बॅटरी बसली. जॉब कार्डावर लिहिलं होतं : 'ग्राहकाच्या समाधानासाठी बॅटरी बदलण्यात आली. दोष आढळला नाही.'

सौ. डबे घेऊन गेली आहे. पान 17 वर असं काहीतरी आहे, की बदललेल्या भागाला नवी वॉरंटी नाही, जुनीच उरलेली मुदत लागू. नक्की काय म्हटलंय ते पाहायला हवं. बारावं वाचन चालू आहे.