गाण्याखाली दबलेलं लग्न

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव. गावं वेगळी, नवरा-नवरी वेगळे, पण पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या लग्नांच्या डीव्हीडी ओळीनं पाहिल्या की दिग्दर्शक एकच असावा असं वाटतं. आधी गणपती, मग बदामात गरगरणारे वधूवरांचे फोटो, मग पान उलटल्यासारखं बदलणारं दृश्य. यावर आपण हसतो. मला ते खटकत नाही. मांडवाला झालर असते, तशी ती सजावट. माझी तक्रार आवाजाबद्दल आहे.

या फिल्म्समध्ये माणसं बोलतच नाहीत. हळदीपासून पाठवणीपर्यंत हिंदी गाणी. आजी नातीच्या कानात काहीतरी सांगते, नात हसते, आणि आपल्याला ऐकू येतो कुठल्यातरी सिनेमाचा कोरस. मंगलाष्टकं तेवढी वाचतात, कारण तो ‘कार्यक्रम’ असतो. बाकी घरातलं ‘काऊन’, ‘बे’, रुसवे, टोमणे हे सगळं गोंगाट समजून पुसलेलं.

तंत्राची सबब इथं चालत नाही. डीव्हीडीवर एका चित्रासोबत ८ पर्यंत ऑडिओ ट्रॅक ठेवता येतात. एकावर गाणी, दुसऱ्यावर मांडवातला मूळ आवाज. बदलायला रिमोटचं एक बटण. मिनीडीव्ही कॅसेटवरचं शूटिंग तासाला साधारण १३ जीबी आणि डिस्क ४.७ जीबीची, त्यामुळे तीन तासांचं लग्न बसवताना चित्र दाबावं लागणारच. पण १९२ केबीपीएसचा जास्तीचा ट्रॅक तीन तासांना जेमतेम २६० एमबी खातो. मी पाहिलेल्या एकाही घरगुती डिस्कवर तो नव्हता.

याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, कनू गांधींनी कॅमेरा हातात घेतला तेव्हा गांधीजींच्या अटी होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही. आपल्या व्हिडिओवाल्यानं नेमकं उलटं केलं. डोळे दिपवणारा लाइट आणि ‘काकू, घास परत एकदा भरवा’. अर्थात दोष त्याच्या एकट्याचा नाही. पैसे मोजणाऱ्यांनाच आपलं लग्न सिनेमासारखं हवं होतं.

वाटपाचं काम मात्र डिस्कनं झकास केलं. व्हीएचएसची प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, असं करत चित्र फिकं व्हायचं. डीव्हीडीची प्रत नीट निघाली तर बिट न् बिट तीच. एक माहेरी, एक सासरी, एक पुण्याच्या मामाकडे. माहेरची ओरखडली तरी मामाची चालायची. (आज तीच क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते आणि बहुतेकदा आणखी दाबली जाते.) पण प्रती निघाल्या त्या गाणी चढवलेल्या आवृत्तीच्या. ज्या कॅसेटवर खरा आवाज होता ती एकच, आणि कितीतरी कॅसेटांवर पुढचं लग्न चढलं.

घरात अशी डिस्क असेल तर आधी तिची आयएसओ फाइल काढा, एमपी४ नंतर करता येईल. घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगाचा थर सेंद्रिय असतो. त्याला ऊन मानवत नाही, त्यात आपल्याकडचा मे महिना. मग फिल्म बघताना गाणी बदलतात तिथं कान द्या. एक संपून दुसरं सुरू होईपर्यंत कधी कधी दोन-तीन सेकंद मूळ आवाज निसटतो. एका डिस्कवर तिथं पंगतीतून कोणीतरी ओरडतं, “अबे, वरन इकडं आन ना!” आणि लगेच ढोलक सुरू.