चालीची ओळ: वऱ्हाडातील गायनपरंपरा आणि सॅम्पलिंगचा प्रश्न

वऱ्हाडातील भजनांच्या, भीमगीतांच्या आणि जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तिकांत पदाच्या शब्दांआधी एक लहानशी ओळ छापलेली आढळते: 'चाल' हा शब्द, त्यापुढे आधीच्या एखाद्या गाण्याचे आरंभीचे शब्द, आणि त्याखाली नवे पद. ही ओळ दोन कामे एकदम करते. स्वरलिपी न वाचणाऱ्या गायकाला पद कसे म्हणायचे हे ती सांगते, आणि चाल कोणाकडून घेतली याची उघड नोंदही ठेवते. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत मिरवणुकीत, लग्नात आणि मोबाईलवर आज जे संगीत वाजते, त्यातही आधीच्या संगीतातून घेण्याचा व्यवहार सर्रास चालतो. मात्र घेतल्याची नोंद करणारी ती ओळ त्यातून नाहीशी झाली आहे. सारख्या वाटणाऱ्या गाण्यांवरून होणारे स्वामित्वहक्काचे म्हणजे कॉपीराइटचे वाद वऱ्हाडाच्या संदर्भात समजून घ्यायचे असतील, तर या हरवलेल्या ओळीपासून आरंभ करणे योग्य ठरते.

गाण्यात कायद्याच्या दृष्टीने तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि या दोहोंचे प्रत्यक्ष मुद्रण हे ध्वनिमुद्रण. तिघांचे मालक वेगवेगळे असू शकतात. जुन्या चालीवर नवे शब्द बसवणारा कवी फक्त चाल घेतो. सॅम्पलिंग करणारा ध्वनिमुद्रणाचाच तुकडा कापतो, त्याचा वेग व पट्टी बदलतो आणि तो नव्या मुद्रणात जोडतो. असा तुकडा सलग फिरत ठेवला की त्याला लूप म्हणतात. म्हणजे चाल घेणारा गायक दुसऱ्याची रचना स्वतःच्या गळ्यातून पुन्हा घडवतो, तर सॅम्पल घेणारा दुसऱ्याचा गळा किंवा हातच उचलून आणतो. या दोन कृतींना 'चोरी' हा एकच शब्द लावल्यामुळे चर्चेत पुष्कळ गोंधळ झाला आहे.

चाल घेण्याची परंपरा मराठी रंगभूमीवर प्रतिष्ठेची होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले तेव्हा साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील पदे आणि कर्नाटकी चाली असा सर्व साठा त्यांनी मोकळेपणाने वापरला. वऱ्हाडाशी या इतिहासाचा थेट संबंध श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांमुळे येतो. अकोल्यात वकिली सुरू करून पुढे खामगाव आणि जळगाव जामोद या भागात राहिलेल्या या नाटककाराने 'वीरतनय' या १८९६ साली रंगभूमीवर आलेल्या नाटकात पारशी-उर्दू रंगभूमीवरच्या चाली आणल्या आणि किर्लोस्करी वळणाला सरावलेल्या प्रेक्षकाला एक निराळी, चपळ लय ऐकवली. त्या काळी भारतात १८४७ चा ग्रंथस्वामित्वाचा कायदा होता; छापील ग्रंथ त्याच्या कक्षेत येई, पण गळ्यातून गळ्यात जाणाऱ्या चालीला त्याचे संरक्षण नव्हते. तरीही या चालींचे मूळ लपवण्याची गरज कोणाला वाटली नाही, कारण चालीची निवड हीच नाटककाराच्या रसिकतेची परीक्षा मानली जाई. पुढे 'एकच प्याला' या नाटकाच्या पदांना १९१९ मध्ये गायिका सुंदराबाईंनी दिलेल्या चालींचे मूळ पूरब अंगाच्या गायकीत होते. ऐकणाऱ्या जाणकारांना ते ठाऊक होते आणि त्यामुळे त्या पदांचे मोल कमी झाले नाही.

हीच रीत भजनात अधिक खोल रुजली. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या आणि गुरुकुंज मोझरी येथून कार्य करणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनसंग्रहांत मराठी पदांवर 'चाल' आणि हिंदी पदांवर 'तर्ज' अशी नोंद ठिकठिकाणी आढळते. खेड्यातल्या भजनमंडळाला नवे पद एका बैठकीत म्हणता यावे, चाल शिकण्यात वेळ न जाता शब्द मनात उतरावेत, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. भीमगीतांनी हाच मार्ग निवडला. वामनदादा कर्डकांच्या पिढीने आणि त्यांच्यामागून आलेल्या गायकांनी लोकगीत, कव्वाली आणि चित्रपटगीत यांच्या चालींवर शब्द रचले, कारण ज्या समाजाला शाळा आणि छापखाना दोन्ही दूर होते त्याच्यापर्यंत विचार पोहोचवायचा तर आधीच तोंडी असलेली चाल हेच सर्वांत वेगवान वाहन होते. या गीतांची प्रतिभा शब्दांत आहे आणि चाल हे त्यांचे उसने अंग आहे, असे म्हणण्यात त्यांचा कोणताही कमीपणा होत नाही.

अमरावतीत १९३२ मध्ये जन्मलेल्या सुरेश भटांनी मराठीत रुजवलेल्या गझलेने तर या ऋणाला स्वतंत्र संज्ञाच दिली आहे. वृत्त, काफिया म्हणजे यमक आणि रदीफ म्हणजे यमकानंतर येणारी स्थिर शब्दावली, या तिघांच्या मिळणीला गझलेत 'जमीन' म्हणतात. दुसऱ्या कवीच्या जमिनीवर गझल लिहिणे उर्दू परंपरेत मानाचे समजले जाते, आणि एकच ओळ देऊन सर्वांकडून तिच्या जमिनीत गझला लिहवून घेणारे तरही मुशायरे त्यासाठीच भरत. मूळ कवी सर्वांना माहीत असतो, म्हणूनच नव्या कवीने काय वेगळे केले हे ऐकणाऱ्याला जोखता येते. जमीन घेणे मान्य आणि शेर घेणे अमान्य, ही रेषा गझलेने कायद्याच्या मदतीवाचून आखली.

कायद्याने मात्र या तोंडी परंपरेची दखल उशिरा घेतली. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यातील मूळ व्याख्येप्रमाणे संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा अन्य प्रकारे कागदावर उतरलेली रचना होती. १९९४ च्या दुरुस्तीने ही अट काढून टाकली. याचा अर्थ असा की १९५७ नंतरची जवळजवळ चार दशके, स्वरलिपीत न बांधलेली चाल कायद्याच्या लेखी संगीतकृतीच नव्हती, आणि वऱ्हाडातील बहुतेक सगळ्या चाली अशाच होत्या. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा बळकट केला, आणि जुने गाणे नव्या गायकाकडून पुन्हा मुद्रित करण्यासाठी म्हणजे कव्हरसाठी निश्चित नियम घातले. मूळ मुद्रणाला पाच वर्षे उलटलेली असावीत, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे मानधन द्यावे आणि मूळ शब्द व चाल यांत आवश्यक नसलेला बदल करू नये, असे ते नियम सांगतात. त्यामुळे चित्रपटाच्या चालीवर नवे भीमगीत किंवा भजन मुद्रित करणाऱ्याला या सवलतीचा आधार मिळत नाही. एखाद्या भाषेचा किंवा बोलीचा श्रोतृवर्ग लहान असेल तर ५०,००० चा आकडा कमी करता येतो, अशी तरतूद याच कलमात आहे. वऱ्हाडीसारख्या बोलीसाठी ती मोलाची आहे. तिची चर्चा मात्र वऱ्हाडात ऐकू येत नाही.

साम्याचा निवाडा कसा करायचा, हा प्रश्न याहून अवघड आहे. मुंबई उच्च न्यायालयात २००८ मध्ये राम संपत यांनी 'क्रेझी ४' या चित्रपटाच्या गाण्यांविरुद्ध दावा केला तेव्हा वादाचा विषय एका मोबाईलच्या जाहिरातीसाठी त्यांनी रचलेला काही सेकंदांचा तुकडा होता. न्यायालयाने लांबी मोजण्यापेक्षा त्या तुकड्याचे गाण्यातले महत्त्व पाहिले, सामान्य श्रोत्याच्या कानाला दोन्ही एकच वाटतात काय हा निकष लावला आणि संपत यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. त्यानंतर पक्षांत तडजोड झाली. जर्मनीतील 'क्राफ्टवेर्क' या वाद्यवृंदाच्या १९७७ च्या मुद्रणातून घेतलेल्या सुमारे दोन सेकंदांच्या तालाचा वाद तर दोन दशकांहून अधिक काळ चालला. त्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की परवानगीवाचून घेतलेला अगदी लहान तुकडाही मुद्रणाच्या हक्काचा भंग करतो, मात्र तो कानाला ओळखू येणार नाही इतका बदललेला असेल तर भंग होत नाही.

भारतीय परंपरेच्या अधिक जवळचा वाद ध्रुपद गाणाऱ्या डागर घराण्याचा आहे. 'पोन्नियिन सेल्वन २' या चित्रपटातील ए. आर. रहमान यांचे एक गीत 'शिवस्तुती' या ध्रुपद रचनेवरून घेतल्याचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात झाला. एकल न्यायमूर्तींनी एप्रिल २०२५ मध्ये दोन कोटी रुपये न्यायालयात जमा करण्याचा आणि फैयाजुद्दीन व झहीरुद्दीन डागर यांची नावे श्रेयात घालण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला, कारण रचना गायल्याने गायक तिचा रचनाकार ठरत नाही, रचनेचे कर्तृत्व वेगळे दाखवावे लागते. चित्रपटात डागरवाणी परंपरेचा उल्लेख होता, व्यक्तींची नावे नव्हती. म्हणजे पैशाइतकाच हा वाद नावाचाही होता. पुस्तिकेतील चालीची ओळ जे काम एका मुखड्यात करीत असे, त्यासाठी येथे दोन न्यायपीठांना निकाल द्यावे लागले.

या पार्श्वभूमीवर वऱ्हाडातील आजच्या डीजे संगीताचे मूल्यमापन करताना कायद्याआधी कानाचा विचार केला पाहिजे. श्रावणातल्या अखेरच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराकडे येणारी कावडयात्रा असो वा गणेशोत्सव, मिरवणुकीच्या संगीतावर लूपची पकड घट्ट झाली आहे. डफडे वाजवणारा कलावंत कातडे विस्तवावर शेकतो, ते तापल्यावर स्वर चढतो, वाजवता वाजवता सैल पडतो, पुन्हा शेकावे लागते. या चढउतारात मिरवणुकीचा श्वास असतो. सॅम्पल केलेले डफडे पहिल्या ठोक्यापासून शेवटच्यापर्यंत एकाच तापमानावर राहते. खंजिरी भजनात ध्रुवपद ठाय लयीत सुरू होऊन मंडळाच्या उत्साहाबरोबर दुगुणीत जाते. लूपमध्ये वेग आधीच ठरलेला असतो आणि गाणाऱ्याला त्याच्यामागे जावे लागते. सॅम्पलिंग ही कला नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. दोन अनोळखी ध्वनी शेजारी ठेवून तिसरा अर्थ निर्माण करणे ही खरी रचना आहे, आणि तशी जाण असलेले तरुण या जिल्ह्यांतही आहेत. पण प्रचलित मिक्सपैकी बहुतेकांत लोकप्रिय मुखड्याखाली ठराविक ठोका सरकवण्यापलीकडे काही घडत नाही, आणि ही उणीव कोणत्याही परवान्याने भरून निघणारी नाही.

कायद्याची स्थितीही या व्यवहारात नीट समजून घेतली जात नाही. धार्मिक समारंभात संगीतकृती सादर करणे किंवा मुद्रण वाजवणे याला कायद्याने सूट दिली आहे, म्हणून देवळातल्या भजनाला भय नाही. तेच भजन चित्रपटाच्या चालीवर मुद्रित करून प्रसारित केले की सूट संपते, आणि ध्वनी आपोआप पडताळणाऱ्या यंत्रणा गावच्या मंडळाच्या चित्रफितीवरही मोठ्या कंपनीचा दावा नोंदवतात. उलट दिशेने मात्र अशी कोणतीही यंत्रणा काम करीत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर गायल्या जाणाऱ्या भुलाबाईच्या गाण्यांना ज्ञात कर्ता नाही. मेळघाटातील कोरकू गीतांचेही तसेच आहे. अशा लोकरचनांचे स्वामित्व समाजाकडे देणारी तरतूद भारतीय कायद्यात नाही. त्यामुळे भुलाबाईची चाल घेऊन त्यावर ठोका चढवणारा निर्माता स्वतःच्या मुद्रणाचा मालक होतो, आणि ज्या बाईच्या तोंडून त्याने ती ऐकली तिचे नाव कुठेही येत नाही.

येथे एक तरतूद उपयोगी पडणारी आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणालाच स्वतंत्र हक्क दिला. त्याची मुदत आता ५० वर्षे आहे आणि सादरकर्ता म्हणून नाव लावून घेण्याचा हक्क २०१२ पासून त्याला जोडला गेला आहे. गाणे कोणाचेही नसले तरी ते गाणारा आवाज कोणाचा तरी असतो, आणि तो आवाज संमतीवाचून मुद्रित करून सॅम्पल म्हणून विकणे हा त्या बाईच्या हक्काचा भंग आहे. डागर प्रकरणात खंडपीठाने गायक आणि रचनाकार यांच्यात केलेला फरक कठोर वाटतो. पण लोकगायिकेच्या बाबतीत त्याच फरकातून मार्ग निघतो, कारण रचनाकार होण्याची अट तिला पाळावीच लागत नाही. गाव, गायिका आणि मुद्रणाची तारीख यांची साधी लेखी नोंद एवढा पुरावा पुरेसा आरंभ ठरू शकतो, आणि महाविद्यालयांच्या मराठी व संगीत विभागांनी हे काम हाती घेणे सर्वांत योग्य होईल.

वऱ्हाडातील मिक्सकार, भजनमंडळे आणि गीतकार यांनी प्रसारित करताना चालीची ओळ पुन्हा लिहावी: चाल कोणाची, आवाज कोणाचा, तुकडा कोणत्या मुद्रणातला. या ओळीने परवाना मिळत नाही, पण ज्याच्याकडून घेतले तो सापडतो, आणि परवानगी मागायला किंवा मानधन द्यायला आधी तो सापडावा लागतो. तुकडोजी महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले; निधनानंतरची साठ वर्षे पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजली जात असल्याने हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पदांच्या शब्दांवरील स्वामित्वहक्क ३१ डिसेंबर २०२८ रोजी संपेल, आणि १ जानेवारी २०२९ पासून ते शब्द कोणालाही घेता, कापता आणि जोडता येतील. त्या पदांवर छापलेली 'चाल' आणि 'तर्ज' ही ओळ तेव्हाही काढू नये.