दोन चेहरे कोणाचे?

बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातील शीर्षककथेचा नायक गुजरातेत रेल्वेच्या नोकरीवर जातो. जात विचारताच तो संतापतो, परंतु ती सांगत नाही. सहकारी त्यास उच्चवर्णीय समजतात. पंचशीलातील मृषावादविरतीचे शील मानणाऱ्या आम्ही बौद्धांनी त्यास दुतोंडी म्हणावे काय?

आमच्या मते, नाही. १९१७ साली बडोद्यास बाबासाहेबांनाही पारशी नाव लावून पारशी सराईत राहावे लागले आणि अखेर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून घालविले. निवाऱ्यासाठी नाव दडविणे हा अन्यायाने लादलेला नाइलाज होय. त्यात कोणाचीही हानी नाही.

खरे दोन चेहरे आहेत ते रामचरण तिवारीचे. नायकाच्या विद्वत्तेस आणि काव्यास तो पूज्य मानतो, घरी नेऊन त्याचा सत्कार करतो. जात कळताच तोच त्यास मारहाण करतो. या अवधीत नायकाचा एकही गुण कमी झालेला नसतो.

तथापि लेखकाने नायकासही मोकळे सोडलेले नाही. काशिनाथ सपकाळ आपली जात उघड सांगतो आणि अपमान सोसत नाही. त्याच्या एकमुखी वृत्तीपुढे नायकाचे मौन उणे ठरते.

विक्रोळीत भाड्याची खोली शोधताना आडनाव दडवावेसे वाटणाऱ्या तरुणास ही कथा दोष देत नाही; मात्र संकटात धावून येतो तो काशिनाथच, याचे विस्मरणही होऊ देत नाही.