शहराचा उत्कर्ष की शहरवासीयांचा? : मॅसेच्युसेट्समधील गृहनिर्माण करसवलतीची चिकित्सा

औद्योगिक ऱ्हासानंतर मागे पडलेल्या शहरांत खाजगी गुंतवणूक कशी आणावी, हा अमेरिकेतील राज्यशासनांपुढील जुना प्रश्न होय. मॅसेच्युसेट्स राज्याने २०१० मध्ये सुरू केलेली गृहनिर्माण विकास प्रोत्साहन योजना हे त्याचे एक उत्तर आहे. लॉवेल व लॉरेन्स ही कापडगिरण्यांची, तर होल्योक हे कागदगिरण्यांचे शहर. अशा २६ शहरांना तेथे 'गेटवे सिटीज' म्हणतात. लोकसंख्या ३५ हजार ते अडीच लाख, तसेच कौटुंबिक उत्पन्न आणि पदवीधरांचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून कमी, हे त्यांचे निकष आहेत.

योजनेमागील अर्थशास्त्र चुकीचे नाही. या शहरांत पोलाद, लाकूड व मजुरी बॉस्टनच्या मानाने फारशी स्वस्त पडत नाही. भाडे मात्र बरेच कमी मिळते. बांधून झालेल्या इमारतीचे मूल्य बांधकामखर्चाहून कमी भरत असेल, तर कोणतीही बँक कर्ज देणार नाही. ही तूट भरून काढण्यासाठी राज्य पात्र खर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत टॅक्स क्रेडिट देते. २०१६ पूर्वी ही मर्यादा १० टक्के होती. टॅक्स क्रेडिट म्हणजे उत्पन्नातील वजावट नव्हे, तर देय करातूनच होणारी कपात. ते दुसऱ्यास विकताही येते. अर्थात खरेदीदार दर्शनी किमतीहून कमी देतो आणि तेवढा सार्वजनिक पैसा घराच्या विटेपर्यंत पोहोचतच नाही. शिवाय नगरपालिका वाढीव मूल्यावरील मालमत्ताकर ५ ते २० वर्षे अंशतः किंवा पूर्णतः माफ करते.

खरा वाद आहे तो दुसऱ्या अटीबाबत. प्रकल्पातील किमान ८० टक्के घरे बाजारभावाची असावी लागतात. गरिबांच्या नावाने श्रीमंतांची घरे, असा आक्षेप यावर सहज घेता येतो. परंतु तो काहीसा उथळ आहे. स्प्रिंगफील्ड, होल्योक, लॉरेन्स येथे अनुदानित घरांचे प्रमाण राज्याच्या १० टक्क्यांच्या उद्दिष्टाहून आधीच अधिक आहे, आणि अल्प उत्पन्न गटासाठी १९८६ पासून स्वतंत्र केंद्रीय टॅक्स क्रेडिट उपलब्ध आहे. मध्यम उत्पन्नाचे रहिवासी शहरात टिकावेत, ही अपेक्षा गैर म्हणता येत नाही.

दोष निराळ्याच ठिकाणी आहे. शहराची निवड होते ती रहिवाशांच्या दारिद्र्यावरून. लाभ मात्र घराच्या भाडेमूल्यावरून ठरतो. लॉरेन्समध्ये उद्या शंभर पदवीधर कुटुंबे राहावयास आली, तर एकाही जुन्या कुटुंबाचे उत्पन्न न वाढता शहराची सरासरी सुधारेल. उलट, भाडे न परवडल्याने जुनी कुटुंबे निघून गेली, तर ती अधिकच सुधारेल! राज्यातील भाडेनियंत्रण १९९४ च्या सार्वमताने रद्द झाले असल्याने ही शक्यता केवळ तार्किक राहत नाही. उत्कर्ष आणि विस्थापन या दोन परस्परविरुद्ध घटना ज्या मोजपट्टीवर सारख्याच दिसतात, ती मोजपट्टी धोरणाच्या मूल्यमापनास अपुरी होय. जुन्या रहिवाशांचे उत्पन्न, भाडे व स्थलांतर यांची स्वतंत्र नोंद ठेवल्याखेरीज हा भेद कळणे अशक्य आहे.

२०२३ च्या करसुधारणा कायद्याने योजनेची वार्षिक मर्यादा १ कोटी डॉलरवरून ३ कोटींवर नेली आणि त्या एका वर्षासाठी ५.७ कोटी मंजूर केले. ८० टक्क्यांची अट तशीच राहिली.