रिकाम्या खुर्च्यांचा दोषी कोण?

आलेखावर दोन रेघा दिसल्या, एक वर चढणारी आणि दुसरी खाली उतरणारी, की पहिलीमुळेच दुसरी घडली असे म्हणून टाकण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाही. अमेरिकेतील बेसबॉलच्या प्रेक्षकसंख्येविषयी गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जे लिखाण झाले त्यात दोन विधाने वारंवार भेटतात. पहिले असे, की दूरचित्रवाणीने खेळ घरबसल्या दाखवला आणि मैदाने ओस पडली. दुसरे असे, की मालकांनी तिकिटांचे दर वाढवले म्हणून लोक मैदानाकडे फिरकेनासे झाले. या विधानांची, आणि त्यांना आकडेमोडीचा आधार देणाऱ्या अभ्यासांची, तपासणी आम्हाला येथे करायची आहे. बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही हे खरे. परंतु या खेळाची आकडेवारी इतकी तपशीलवार जपली गेली आहे की कार्यकारणभाव शिकवण्यासाठी इतके चांगले साहित्य सहसा हाती लागत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ‘मेजर लीग’ ही तिथली सर्वोच्च स्पर्धा. आज तिच्यात ३० संघ आहेत. प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो, त्यांतले निम्मे आपल्या शहरात. संघाला पैसा मुख्यतः तीन वाटांनी मिळतो : तिकिटे, मैदानावरील खाणेपिणे व मोटारी उभ्या करण्याचे शुल्क, आणि टीव्हीचे हक्क. टीव्हीच्या हक्कांतही दोन प्रकार आहेत. देशभरच्या प्रक्षेपणाचे पैसे सर्व संघांत सारखे वाटले जातात, तर स्थानिक प्रक्षेपणाच्या पैशांतला बराचसा भाग त्या त्या संघाकडेच राहतो.

आता पहिले विधान घेऊ. १९४८ साली मेजर लीगचे सामने पाहायला सुमारे २ कोटी ९ लाख प्रेक्षक आले. १९५३ साली ही संख्या १ कोटी ४४ लाखांवर घसरली. याच काळात टीव्ही घरोघर पोचत होता. १९४८ साली अमेरिकेतल्या शंभर घरांत एकही टीव्ही जेमतेम सापडला असता, पण १९५३ साली शंभरांतल्या पंचेचाळीस घरांत तो होता. एक रेघ वर, दुसरी खाली. हे आकडे प्रथम पाहिले तेव्हा आमचीही समजूत हीच झाली, की गुन्हेगार सापडला.

त्या काळच्या एका मालकाचीही हीच समजूत होती. ‘ब्रेव्ह्ज’ हा संघ तेव्हा बॉस्टन शहरात होता. १९४८ साली त्याच्या मैदानावर साडेचौदा लाख प्रेक्षक आले, १९५२ साली केवळ २ लाख ८१ हजार. मालक लू पेरिनी यांनी १९५३ साली संघ मिलवॉकी शहरात हलवला आणि तिथे घरच्या सामन्यांचे टीव्ही प्रक्षेपण होऊ दिले नाही. त्या एका वर्षात १८ लाखांवर प्रेक्षक आले. टीव्ही बंद केला आणि मैदान भरले, यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणता हवा, असे त्या वेळी अनेकांना वाटले.

विज्ञानाच्या शिक्षकाने येथे थांबून एकच प्रश्न विचारायला हवा : त्या वर्षात आणखी काय काय बदलले? संघ १९४८ साली आपल्या लीगमध्ये पहिला आला होता, तर १९५२ साली आठ संघांत सातवा. मिलवॉकीत पहिल्याच वर्षी तो दुसऱ्या क्रमांकावर पोचला. बॉस्टनमध्ये ‘रेड सॉक्स’ हा दुसरा संघ त्याचे प्रेक्षक वाटून घेत होता, मिलवॉकीत तो एकटाच होता. तिथले मैदान कोरे करकरीत होते आणि मोटारी उभ्या करायला भरपूर जागा होती. शिवाय इतक्या वरच्या दर्जाचा खेळ शहराने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, त्यामुळे नवलाई होती. ती ओसरल्यावर काय झाले हेही पाहिले पाहिजे. १९५७ साली २२ लाखांवर गेलेली संख्या १९६२ साली ८ लाखांच्या खाली आली. म्हणजे पेरिनींनी केलेला प्रयोग हा प्रयोग नव्हताच. परीक्षानळीत एकाच वेळी पाच रसायने ओतायची आणि रंग बदलला की त्यांतल्या एकाचे नाव घ्यायचे, असा हा प्रकार झाला. १९४८ ते १९५३ या घसरणीलाही हेच लागू पडते. युद्ध संपल्यावर खेळांना अचानक गर्दी लोटली होती, ती ओसरणारच होती. शिवाय लोक शहरे सोडून उपनगरांत राहायला जात होते आणि जुनी मैदाने मात्र दाट वस्तीत अडकून पडली होती.

मग टीव्हीचा परिणाम तपासायचा कसा? त्यासाठी असा प्रसंग हवा, की टीव्ही तेवढा बंद झाला आणि त्याचे कारण संघाच्या खेळाशी किंवा तिकिटांशी जोडलेले नव्हते. असा प्रसंग लॉस एंजेलिसमध्ये घडला. तिथल्या ‘डॉजर्स’ संघाने आपले स्थानिक हक्क २५ वर्षांसाठी ८०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेला विकले. २०१४ साली नवी वाहिनी सुरू झाली, पण तिची किंमत इतर केबल कंपन्यांना परवडेना. २०२० पर्यंत त्या परिसरातल्या निम्म्याहून अधिक घरांत डॉजर्सचे बहुतेक सामने दिसत नव्हते. टीव्हीच प्रेक्षकांना घरी बांधून ठेवत असेल तर या काळात मैदानावर झुंबड उडायला हवी होती. प्रत्यक्षात २०१३ साली ३७.४ लाख, २०१४ साली ३७.८ लाख आणि २०१९ साली ३९.७ लाख अशी हळूहळू वाढ झाली. २०२० मध्ये वाहिनी घरोघर पोचली, तरी २०२४ साली संख्या ३९.४ लाखच राहिली. टीव्ही गेला तेव्हा उडी नाही, परत आला तेव्हा घसरण नाही.

हा पुरावासुद्धा आम्ही जपूनच वापरू. या सर्व काळात संघ जिंकत होता. त्याच्या मैदानात ५६ हजार माणसे बसतात, म्हणजे पूर्ण हंगामाची कमाल मर्यादाच सुमारे ४५ लाखांची, तेव्हा वाढायला जागा थोडी. एका शहराच्या अनुभवावरून सर्व शहरांविषयी बोलणे बरोबर नाही. परंतु ‘टीव्ही आला की मैदान रिकामे’ हा नियम म्हणून सांगायचा असेल, तर तो येथे टिकत नाही एवढे निश्चित.

दुसरे विधान तिकिटांच्या दराचे. वरवर पाहता हे निर्विवाद वाटते, कारण वस्तू महागली की खप घटतो. पण बेसबॉलमध्ये दर आणि गर्दी यांचा आलेख काढला तर पुष्कळदा तो उलटाच निघतो : ज्या सामन्यांचे तिकीट महाग, तिथेच गर्दी जास्त. याचे कारण सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘जायंट्स’ संघाकडे पाहिले की कळते. २००९ साली काही जागांपुरता आणि २०१० पासून सर्व मैदानासाठी या संघाने बदलत्या दराचा प्रयोग केला. प्रतिस्पर्धी नामवंत असेल, सुट्टीचा वार असेल, तर दर वाढवायचा. म्हणजे दर गर्दीच्या मागे चालतो. रस्त्यावर छत्र्या दिसल्या की पाऊस जास्त असतो, पण छत्र्या पाऊस पाडत नाहीत.

अर्थशास्त्रज्ञांनी ही अडचण ओळखून बाकीचे घटक वेगळे काढण्याचा प्रयत्न केला. १९७४ साली रॉजर नॉल यांनी संपादित केलेल्या ग्रंथात शहराची लोकसंख्या, संघाचे यश, मैदानाचे वय अशा घटकांबरोबर तिकिटाचा दर धरून प्रेक्षकसंख्येचे गणित मांडले आहे. त्यातून आणि पुढच्या अनेक अभ्यासांतून एक चमत्कारिक निष्कर्ष निघाला : दर वाढला तरी प्रेक्षक फार थोडे घटतात. समजा, दहा डॉलरच्या तिकिटाला २०,००० प्रेक्षक येतात. उत्पन्न २ लाख डॉलर. दर ११ केला आणि ६०० लोक कमी आले, तर उत्पन्न २,१३,४०० डॉलर. अशा स्थितीत नफ्यामागे लागलेला मालक दर आणखी का वाढवत नाही?

याची दोन उत्तरे दिली गेली. आत आलेला माणूस खातो, पितो, मोटार लावतो. तिकीट थोडे स्वस्त ठेवून ही कमाई वाढवता येते. दुसरे उत्तर टीव्हीचे. २००४ साली रॉडनी फोर्ट यांनी दाखवले की स्थानिक टीव्हीचे उत्पन्न हिशेबात धरले, तर नफा पाहणारा मालकसुद्धा असा ‘स्वस्त’ दर ठेवू शकतो, कारण त्याचा हिशेब केवळ तिकीटखिडकीवर संपत नाही. आम्हाला हे उत्तर महत्त्वाचे वाटते. टीव्ही आणि तिकीट हे दोन वेगळे आरोपी नाहीत, दोन्हींचा हिशेब एकाच वहीत होतो. एकाला स्थिर धरून दुसऱ्याला दोष देणारी गणिते म्हणूनच अपुरी पडतात.

आणखी एक आक्षेप मोजमापाचा. अभ्यासांत वापरला जाणारा दर बहुधा हंगामाची सरासरी असतो, पण सरासरी तिकीट कुणीच विकत घेत नाही. १९९१ पासून एक अमेरिकन प्रकाशन चौघांच्या कुटुंबाचा सामन्याचा खर्च काढते, त्यात दोन टोप्याही धरलेल्या असतात. दर सामन्याला नव्या टोप्या कोण घेतो? आणि ‘प्रेक्षकसंख्या’ तरी काय? नॅशनल लीगमध्ये १९९३ पासून विकलेली तिकिटे मोजतात, त्याआधी फाटकातून आत गेलेली माणसे मोजत. रेघ तीच दिसते, पण तिचा अर्थ मध्येच बदललेला असतो.

काही घसरणी तर या दोन्ही कारणांच्या बाहेरच्या असतात. ऑगस्ट १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला आणि हंगाम अर्धवट राहिला. त्या वर्षी सामन्यामागे सरासरी ३१ हजार प्रेक्षक होते, १९९५ साली २५ हजार उरले. लोक रागावले होते, आणि त्या रागाचा रकाना कोणत्याच तक्त्यात नव्हता.

हे सारे शिक्षकांनी का वाचावे? कारण शिक्षकांच्या खोलीतही आपण असेच बोलतो. टीव्ही आला आणि मुलांचे वाचन सुटले, फी वाढली म्हणून पट घटला. अशा विधानांवरून आपण घरांना दोष देतो, मुलांवर शिक्के मारतो. पेरिनींच्या निर्णयाने बॉस्टनचा एक संघ गेला, आपल्या निर्णयांनी त्याहून मोलाचे काही जाऊ शकते. म्हणून वर्गात ब्रेव्ह्जचे आकडे फळ्यावर लिहावेत, मुलांना आधी खुशाल निष्कर्ष काढू द्यावा, आणि मग विचारावे : त्या वर्षात आणखी काय बदलले? हा दर कोण ठरवते, आणि काय पाहून? हा आकडा नेमके काय मोजतो? तिन्ही प्रश्न मुले आपण होऊन विचारू लागली, की सहसंबंधाचे सूत्र पुढच्या तासाला शिकवले तरी चालेल.